डॅशबोर्ड दिसतो भारी, पण उत्तर देतो का?

रंगीबेरंगी डॅशबोर्डवाला सॉफ्टवेअर घेताय? आधी काउंटरवरच्या मुलाला त्याच्यासमोर बसवा आणि विचारा, "गेल्या महिन्यात कुठला माल पडून राहिला?" घड्याळ लावा. त्याला सापडलं नाही, तर चूक त्याची नाही, स्क्रीनची आहे.

मी स्वतः फसलोय. दुकानाच्या विक्रीचा गोल पाय चार्ट केला, बारा तुकड्यांचा. दिसायला एकदम झकास! पण बिस्किटं जास्त खपली की साबण, ते मलाच कळेना. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं, की आपला डोळा कोनापेक्षा एकाच पट्टीवरची जागा जास्त अचूक ओळखतो. तेव्हापासून माझ्याकडे साधे आडवे बार.

बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये क्रम सांगितला: आधी पूर्ण चित्र, मग झूम आणि फिल्टर, बारीक तपशील मागितला तरच. आपला जुना वाणी हेच करायचा की! आधी गल्ला, मग खातं, मग ते एक बिल. सॉफ्टवेअरवाले मात्र पहिल्याच स्क्रीनवर सगळं ओततात.

डेमोला त्यांचाच माणूस भराभर बटणं दाबत असेल, तर थांबवा त्याला. माउस तुम्ही घ्या. पैशाचं बोलणं त्यानंतर.