उशीर चालेल, थाप नको

'सर, ऐंशी टक्के झालंय, फक्त फायनल टच बाकी आहे.' सबमिशनच्या आठवड्यात हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फेकलेलं असतं. आपली थाप दोन मार्कांवर निभावते. पण प्रकल्प कोट्यवधी पौंडांचा असेल तर?

इंग्लंडमधल्या स्वॉनविकचं हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र १९९६ मध्ये सुरू होणार होतं. झालं २७ जानेवारी २००२ ला! खर्च गेला ६२ कोटी पौंडांच्या वर, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त.

विमानतळावर दिसतो तो टॉवर वेगळा. स्वॉनविकच्या कंट्रोलरना खिडकीतून एकही विमान दिसत नाही. समोरच्या स्क्रीनवरच्या खुणा पाहत ते इंग्लंड आणि वेल्सवरच्या आकाशातली विमानं एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवतात. मुंबईहून हिथ्रोला जाणारं विमानही शेवटी त्यांच्याच हवाली होतं.

इमारत केव्हाच उभी राहिली, घोडं अडलं सॉफ्टवेअरपाशी. सुमारे २० लाख ओळींचा कोड. तो बेतला होता आयबीएम अमेरिकेसाठी बनवत असलेल्या यंत्रणेवर. तो अमेरिकी प्रकल्पच १९९४ मध्ये गुंडाळला गेला. काम करणारा आयबीएमचा विभाग आधी लॉरलकडे गेला, मग लॉकहीड मार्टिनकडे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये अर्ध्यावर मेंबर बदलले की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे. उशीर हा गुन्हा नाही. चुका माहीत असताना केवळ तारीख पाळायची म्हणून यंत्रणा चालू केली असती, तर ते भयंकर झालं असतं. चीड येते ती एकामागून एक दिलेल्या आणि हुकलेल्या तारखांची. तारीख पुढे गेली की खर्च वाढतो, आणि तोवर जुन्या केंद्रातले कंट्रोलर वाढत्या गर्दीशी झुंजत राहतात.

शिवाय वेळ मिळाला म्हणून सगळं तपासलं जातं असंही नाही. केंद्र सुरू झाल्यावर कंट्रोलरनी तक्रार केली की, स्क्रीनवरची अक्षरं वाचायलाच त्रास होतोय. इतकी वर्षं लागली, पण ज्यांना रोज तिथे बसायचंय त्यांच्या डोळ्यांचा विचार कमीच पडला!

१२ डिसेंबर २०१४ ला तर यंत्रणाच कोलमडली. तिची कमाल मर्यादा १९३ असताना कोडमधल्या एका तपासणीत ती १५१ धरली होती. ही चूक नव्वदच्या दशकापासून तिथे दडून बसली होती. शेकडो विमानं खोळंबली. मात्र कंट्रोलरनी आकाशातली गर्दी कमी केली आणि सुरक्षितता सांभाळली. शंभर टक्के निर्दोष यंत्रणा नसतेच. म्हणून ती बिघडेल तेव्हा काय करायचं, याची तयारीही कामाचाच भाग असते.

उद्या आपल्यातलेच काही जण असा कोड लिहितील, काही जण त्याच्या बातम्या करतील. उद्घाटन कधी, एवढंच विचारून थांबू नका. काय राहिलंय? तपासलं कुणी? वापरणाऱ्यांना विचारलं का? हेही विचारा. आणि सुरुवात घरापासून करायची तर पुढच्या सबमिशनला एकदा म्हणून बघा, 'सर, झालं नाहीये. एवढं एवढं राहिलंय.'