मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

मोटारीचे गिअर चालकाने स्वतः बदलावे की ते काम यंत्राकडे सोपवावे, हा वाद आमच्या पिंपरीकडील तरुण मंडळींत फार रंगतो. मॅन्युअल चालवितो तोच खरा चालक, असे पुष्कळांचे म्हणणे. आपण शेजारचेच उदाहरण घेऊ. चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ साली बाजारात आली. तिच्या १.५ लिटरच्या, १५० अश्वशक्तीच्या इंजिनास प्रथम ७ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच होता. २०२३ साली ६ गिअरांचा मॅन्युअलही देण्यात आला.

या ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एकावर गाडी धावत असता पुढचा गिअर दुसऱ्यावर आधीच सज्ज असतो. इतकी चपळाई मनुष्याच्या हातापायांस साधणे नाही. तेव्हा वेगाच्या नावाने मॅन्युअलचा अभिमान मिरविणे व्यर्थ होय. शिवाय नाशिक फाटा ते चाकण या कोंडीत क्लच दाबून डावा पाय किती शिणतो, हे पालकांस सांगावयास नकोच.

मग मॅन्युअल टाकाऊ काय? मुळीच नव्हे. चढावर इंजिन का गुदमरते, उतारावर खालचा गिअर गाडीस कसा आवरतो, हे तो प्रत्यक्ष शिकवितो. म्हणून आमचे मत असे की, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रथम मॅन्युअलवर शिकावे. पुढे गाडी घेताना मात्र रोजचा रस्ता पाहून निवड करावी, मित्रांचे टोमणे ऐकून नव्हे. गिअर कोणीही बदलो, वेग किती ठेवावा हा विवेक चालकाचाच असला पाहिजे.