प्रश्न ‘प्राणिज का?’ एवढाच नाही

गोचीड चावते, खूण विरते, माणूस विसरून जातो. काही आठवड्यांनंतर गोमांसाचे जेवण करून झोपलेला तोच माणूस मध्यरात्री अंगभर गांधी आणि पोटात कळा घेऊन जागा होतो. क्वचित श्वासही कोंडतो. हा अल्फा-गॅल सिंड्रोम. माणूस, कपी आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे वगळता बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांत आढळणाऱ्या एका शर्करेची ही अ‍ॅलर्जी. प्रतिक्रिया साधारण २ ते ६ तासांनी उमटत असल्याने मूळ कारण सहसा ध्यानात येत नाही. २०१० पासून साडेचार लाखांपर्यंत अमेरिकी नागरिक बाधित झाले असावेत, असा अंदाज तेथील सीडीसीने २०२३ मध्ये वर्तवला.

अशा रुग्णाला ताटातले मांस ओळखता येते. बाटलीतले सॉस ओळखता येत नाही. अमेरिकेत ज्या ९ अ‍ॅलर्जीकारकांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा आहे, त्यांत दूध आहे, पण सस्तन प्राण्यांचे मांस नाही. ‘नैसर्गिक स्वाद’ या दोन शब्दांआड मांसाचा अर्कही दडू शकतो.

या बाबतीत भारतीय ग्राहक सुदैवी वाटेल. आपल्याकडे हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण आहेत. परंतु ही चिन्हे आहारनिष्ठेसाठी घडवली गेली, आजारासाठी नव्हे. अंड्याचे मेयोनेज आणि अँकोव्ही मासा घातलेले पारंपरिक वूस्टरशायर सॉस तपकिरी त्रिकोण मिरवतात. अंडी आणि मासे यांत मात्र अल्फा-गॅल नसते. उलट साय आणि लोणी घातलेली तयार मखनी ग्रेव्ही हिरव्या ठिपक्याने विकली जाते, आणि काही रुग्णांना दूधही सोसत नाही. समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजीनन तर शुद्ध वनस्पतिज. तरीही काहींना ते बाधते.

डायसोडियम इनोसिनेट हे स्वादवर्धक मांस, मासे किंवा किण्वन यांपैकी कशापासूनही बनू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच घटकांविषयी बजावले होते की, प्रमाण कितीही अल्प असो, घटक वनस्पतिज की प्राणिज हे वेष्टनावर सांगितलेच पाहिजे. माझे म्हणणे असे, की याच्या पुढचे एक पाऊल आता उचलावे: प्राणिज असल्यास प्राणी कोणता, तेही लिहावे. कच्चा माल विकत घेणाऱ्या उत्पादकाला हे शोधणे अवघड नाही.

तोवर रुग्णाने ठिपक्यावर विसंबू नये. घटकांची यादी वाचावी, शंका असल्यास उत्पादकाला लेखी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत बाटली उघडू नये.