बेंजो, पॅड आणि हाताचा वाजता सूर

शहापूर-मुरबाडच्या गावांत हळदीला, वरातीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ तयार केले. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेले हे वाद्य कोणालाही घरबसल्या शिकता यावे असे होते. भारतात ते बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात बेंजू. अमेरिकी बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच. मुलांच्या खेळण्यांत जमा होणाऱ्या या पेटीला आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप लावून मुंबई, ठाणे आणि रायगडच्या हौशी वादकांनी तिला रस्त्यावर आणले, हे त्यांचे मोठे काम आहे.

कळ दाबली की तार पट्टीवर टेकते आणि स्वर ठरतो. दुसऱ्या हातातली नखी ती छेडते. स्वर असा जागच्या जागी बांधलेला असल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, निघत नाही. ती उणीव वादक नखीच्या जलद फेकीने आणि कणस्वरांनी भरून काढतो. म्हणूनच आगरी-कोळी गीतांची ठेक्यावर उडणारी चाल बेंजोवर चपखल बसते, आणि संथ भावगीत मात्र तुटक वाटते.

बेंजोच्या जोडीला पॅड आले. रोलंड कंपनीच्या १९८५ च्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज नव्हता. काठी पडली की ते दुसऱ्या यंत्राला इशारा देई. पुढच्या एसपीडी-२० सारख्या पॅडमध्ये आवाज आतच साठवलेले आले, आणि आठ रबरी चौकोनांवर ढोलकी, हलगी, टाळ वाजू लागले. आवाज चिपचा असला तरी काठी कधी आणि किती जोराने पडायची हे हातच ठरवतो.

खेळण्याचे वाद्य झाल्याचे दुसरे उदाहरणही जपानी यंत्राचेच. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ चा. त्याच्या चिपमध्ये आवाजाचे चारच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक हवी ती लहर घडवता येणारा आणि एक नुसत्या खरखरीचा. जर्मनीच्या ओलिव्हर विटचॉव्ह यांचे ‘नॅनोलूप’ (१९९८) आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचे ‘एलएसडीजे’ (२०००) या प्रोग्रॅमांमुळे हौशी मंडळी त्यावर संगीत रचून मंचावर वाजवू लागली. बेंजो पार्टीने, म्हणजे बेंजो वाजवणाऱ्या वादकांच्या ताफ्याने, या चिप संगीताकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. चारच आवाज हाती असल्यावर एकही वाया घालवून चालत नाही. एक चाल धरतो, दुसरा तिला साथ देतो, तिसरा खर्जात उतरतो आणि खरखरीतून ताल निघतो.

पार्ट्यांत नेमके येथेच चुकते. बेंजो आणि कॅसिओ कीबोर्ड एकाच सप्तकात एकच चाल वाजवतात. पॅड आणि ताशा एकाच मात्रेवर आदळतात. मग आवाज वाढतो, पण गाणे ऐकू येत नाही. कॅसिओने चाल सोडून खर्ज धरावा. ताशा तुटून वाजत असताना पॅडवाल्याने हात आवरून फक्त सम आणि तोड द्यावी. एवढ्याने चार जणांची पार्टी दहा जणांची वाटते.

पेनड्राइव्हवरचा तयार ट्रॅक लावून वर नुसते हात हलवण्याची सवय हा या कलेला लागलेला खरा रोग आहे. वरात कोपऱ्यावर अडली, नाचणारे थांबले, नवरीचे मामा पुढे आले, की ठेका तिथल्या तिथे बदलावा लागतो. ट्रॅकला ते जमत नाही. सुपारी मिळते ती या बदलासाठी.

काळजीच्या बाबी थोड्या आहेत. जनरेटरवर वाजवताना अर्थिंग नसेल तर पिकअप गुणगुणतो आणि शॉकचा धोका राहतो. तेव्हा वायर आधी तपासावी. या भागातल्या पावसात तारा आणि कळांच्या स्प्रिंगा लवकर गंजतात. मिरवणुकीहून परतल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसून किंचित तेल लावावे, आणि पॅड ओल्या ताडपत्रीत गुंडाळू नये.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाजवायला बंदी आहे. राज्य सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत जाते. ही बंदी केवळ भोंग्यांना नाही, वाद्यांनाही आहे. म्हणून सुपारी घेतानाच यजमानाशी वेळ ठरवून घ्यावी.