गोळी झाडणारा सापडला, कट कुठे गेला?

रुआबांधा आणि हुडको या भिलाईच्या वस्त्यांतली जुनी माणसं 28 सप्टेंबर 1991 ची पहाट विसरलेली नाहीत. हुडकोतल्या घरात झोपलेल्या शंकर गुहा नियोगी या कामगार नेत्यावर तेव्हा गोळ्या झाडण्यात आल्या. 1997 मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने मारेकरी पलटन मल्लाहला फाशी आणि उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप सुनावली. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्लाहला जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका मात्र कायम राहिली.

अडले ते ‘फौजदारी कटा’वर.

दोन किंवा अधिक माणसांनी गुन्हा करण्याचे संगनमत केले, की कट पूर्ण होतो. खून पडायलाच हवा असे नाही. भारतीय दंड संहितेचे कलम 120-ब आता भारतीय न्याय संहितेत कलम 61 झाले आहे. व्याख्या इतकी सैल, पण सिद्धता महाकठीण: बंद दाराआडच्या बोलण्याला साक्षीदार कोण? मग परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी जुळवावी लागते आणि एक कडी निखळली तरी आरोपी सुटतो. संशयाचा फायदा आरोपीलाच, हे योग्यच आहे.

पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्यातही 10 मे 2024 रोजी गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. ‘कट’ हा शब्द आरोपपत्रात लिहिणे सोपे असते. तो सिद्ध करायचा तर तपास यंत्रणांनी पहिल्या आठवड्यापासून पैशाचा आणि संपर्काचा माग काढला पाहिजे.