अभ्यासक्रम ठरतो, पालकांना कळतो कधी?

मंडळी, पहिलीपासून हिंदी येणार हे तुम्हाला कुठून कळलं होतं? शाळेतून? नाही ना. टीव्हीवरून आणि व्हॉट्सअॅपवरून.

तारखा आठवा. 16 एप्रिल 2025 ला शासन निर्णय आला: मराठी आणि इंग्रजी माध्यमाला पहिली ते पाचवी हिंदी अनिवार्य. 17 जूनला 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि नरेंद्र जाधव समितीची घोषणा. तोवर शाळा उघडून वर्गसुद्धा सुरू झालेले! हिंदी हवी की नको यावर भरपूर वाद झालाय, मी त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते पद्धतीवर.

दिल्लीत राष्ट्रीय आराखडा ठरतो, त्यावरून पुण्यात एससीईआरटी राज्याचा आराखडा बनवते, मग अभ्यासक्रम, मग बालभारतीची पुस्तकं, मग डाएट, केंद्रप्रमुख, शिक्षण परिषद आणि शेवटी वर्गातले गुरुजी. या साखळीत आईबाप कुठे आहेत? पुस्तक हातात पडतं तेव्हा.

2024 चा मसुदा बघा. सूचनांसाठी मुदत 3 जूनपर्यंत, आणि मसुदा जाहीर झाला मे महिन्याच्या उत्तरार्धात. शाळांना सुट्टी, वर 4 जूनला लोकसभेची मतमोजणी. शेकडो पानं कोण वाचणार हो? मग चर्चा झाली ती मनुस्मृतीतल्या श्लोकाची. ती व्हायलाच हवी होती, पण बाकीचं तसंच राहिलं. व्यवसाय शिक्षण, कला, खेळ यांना स्वतंत्र विषयाचं स्थान, कागदावर छानच आहे. पण पहिली ते पाचवीची शाळा, पट साठच्या आत, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाणच तसं आहे. ते दोघं पाच वर्ग सांभाळून सुतारकाम कधी शिकवणार, हे कुणी विचारलं?

'पालकांना अभ्यासक्रमातलं काय कळतं?' असं काही साहेब लोक म्हणतात. आपल्या बीड जिल्ह्यात तरी असं म्हणू नये. दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू होते, बिऱ्हाड कारखान्यावर जातं, ते उन्हाळा लागताना परत येतं. त्या पोरांचं दुसरं सत्र जवळजवळ सगळं जातं. गणितातला अवघड भाग नेमका दुसऱ्या सत्रात आला तर तो त्या पोराच्या वाट्याला कधी येतच नाही, पुढच्या वर्गातही नाही. हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळी पोरं मागे राहत नाहीत. कुठला धडा कधी घ्यावा हे पुण्यातल्या तज्ज्ञापेक्षा त्या पोराची आई जास्त नेमकं सांगेल.

कोरी पानं विसरलात का? 2023-24 ला पुस्तकांचे चार भाग केले, धड्यांमागे वहीची पानं जोडली, दप्तर हलकं होईल म्हणून. पोरं पुस्तकाबरोबर वह्याही नेतच राहिली. 2025-26 पासून ती पानं गेली. आधी चार शाळांतल्या पालकांना आणि गुरुजींना विचारलं असतं तर एवढा कागद वाया गेला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ही चांगली सोय आहे, त्याबद्दल कौतुकच. पण छापून झालेलं पुस्तक वाचायला देणं वेगळं आणि ठरवताना विचारणं वेगळं.

नवीन काही उभारायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच आहे, त्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आज तिच्या बैठकीत विषय काय असतात? पोषण आहार, गणवेश, शौचालयाची दुरुस्ती आणि सह्या. मसुदा शाळा सुरू असताना काढा, मुदत दोन महिन्यांची द्या. इयत्तेनुसार एका पानाचा सोप्या मराठीतला गोषवारा करा आणि तो या बैठकीत वाचून दाखवा. आलेल्या सूचनांतल्या कुठल्या घेतल्या, कुठल्या का नाकारल्या, हे शाळेच्या फलकावर लावा.

आणि पालकांनो, येत्या पालक सभेत मुख्याध्यापकांना एवढं तरी विचारा की यंदा आपल्या पोराच्या वर्गात काय बदललंय. उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा, शाळेचं नाव न घेता.