अंगठा आमचा, अहवालही आमचाच

रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर बसून समाजबांधवांचे अर्ज-दाखले लिहून द्यायचे, हा आमचा जुना शिरस्ता. मागे एका रविवारी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एक विडी कामगार भगिनी आल्या. डोळे रडून सुजलेले. मुलीचे जुळलेले लग्न मोडले होते. गावात सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. मुलीचा अहवाल 'एएस' आला. कुणीतरी यादीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि आईला कळण्याआधीच तो मुलाकडच्यांच्या मोबाईलवर पोहोचला.

"बाई, तपासणीच्या वेळी कुणी काही समजावून सांगितले नाही?" आम्ही विचारले.

"अंगठा लावा म्हणे त लावलं, भाऊ. मले का माहीत कायचा व्हता?"

हा प्रश्न एका घरचा नाही. विदर्भात सिकलसेल हा आपल्या घराघरांतला विषय आहे. नागपूरकडच्या रुग्णांविषयी डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवले आहे. हा रक्तातून येणारा दोष आहे, कुणाच्या जातीचा कलंक नव्हे. आदिवासी बांधवांत तो आहे, आफ्रिकेत आहे, अरब देशांतही आहे. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक सहसा आजारी नसतो. तो शेतावर राबतो, शिकतो, संसार करतो. आजार असतो 'एसएस'ला. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर 'एसएस' मूल होत नाही. म्हणजे त्या मुलाची तपासणी झाली असती, तर बहुधा लग्न मोडायचे कारणच उरले नसते. पण तपासणी मुलीचीच, आणि बदनामीही मुलीचीच!

आता हे अहवाल मोबाईलवर आणि संगणकावर जात आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात 'आभा' नावाचा चौदा आकडी नंबर मिळतो. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तिच्या तपासण्यांची नोंदही संगणकावर होते.

आम्ही या यंत्राच्या विरोधात नाही. 'एसएस'च्या लेकराला मध्यरात्री कळा सुरू होतात, गोंदियाहून नागपूरला मेडिकलला न्यावे लागते आणि जुने कागद पिशवीत भिजून गेलेले असतात. अशा वेळी नव्या डॉक्टरला मागची औषधे, मागचे रक्त मोबाईलवर दिसले तर जीव वाचू शकतो. पण जी नोंद डॉक्टरला दिसावी, ती गावाच्या चावडीवर का दिसावी?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्याचा मुख्य आधार संविधानाचे कलम २१. हा हक्क बंगलेवाल्यांचा आणि झोपडीतल्या विडीवालीचा नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही समजून दिलेली संमती, अहवाल मिळणे आणि गुप्तता हे हक्क आहेत. 'आभा'चा नंबर ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि नकोसा झाला तर रद्दही करता येतो.

तेव्हा मायमाऊल्यांनो, अंगठा लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : हे कशासाठी? कोण पाहणार? माझा अहवाल मला कागदावर मिळेल काय? आशाताईंवर रागावू नका. त्याही आपल्यातल्याच, कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या. पण विचारा जरूर. घरात एकच मोबाईल असतो आणि तो पोराच्या खिशात असतो. तेव्हा आईचा ओटीपी, आईचा अहवाल आईला वाचून दाखवणे हे पोराचे कर्तव्य आहे.

आणि तरुणांनो, गुप्तता म्हणजे लपवाछपवी नव्हे. लग्न ठरण्याआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही तपासणी करावी आणि अहवाल एकमेकांना स्वतः सांगावा. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन स्वतः निर्णय करावा. सांगायचे कुणी, तर ज्याचे रक्त आहे त्याने. यादीचा फोटो काढणाऱ्याने नव्हे.

त्या भगिनींना आम्ही तक्रारअर्ज लिहून दिला. खाली अंगठा लावण्यापूर्वी त्या थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, आधी वाचून दाखवा."

आम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.